बाळंतिणीची खिडकी

परवा नातीच्या शाळेच्या कामासाठी गॅसवर मैद्याची खळ शिजवायला घेतली आणि त्या वासाबरोबर मुलुंडच्या चाळीतली आमची आतली खोली डोळ्यांपुढे आली. ऐंशीच्या दशकातला तो जानेवारी, डोंगराकडचा गार वारा खिडकीच्या फटींतून शीळ घालत घरात शिरायचा. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला आणि बाळाला वारा लागू नये म्हणून आईने खळ शिजवली आणि बाबांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून एकेक फट बुजवली. "आता मुंगीसुद्धा शिरायची नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ताई इस्पितळातून परतली ती रिकाम्या हातांनी. आम्ही तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, तोवर बाबा आत जाऊन त्या पट्ट्या नखांनी ओरबाडून काढायला लागले होते. आई धावली. "अहो, काय करताय?" "आता कशाला हव्यात?" आईने त्यांचा हात धरला. "बाळ नाही राहिलं, पण ती बाळंतीणच आहे ना? वारा बाधेल तिला." मग ज्यांनी जन्मात कधी चहा केला नव्हता, त्या बाबांनी स्टोव्हला पंप मारला, मैदा कालवला आणि खळ शिजवली. त्यांनी पुन्हा लावलेल्या पट्ट्यांवरून हात फिरवला की खालच्या गुठळ्या बोटांना लागायच्या. "आजी, ढवळ ना गं," नात म्हणाली, तोवर माझ्याही खळीत गुठळ्या झाल्या होत्या.