न केलेली गृहभेट

बी.एड.च्या वर्षात मी सगळ्यात सफाईनं केलेलं काम म्हणजे खोटं लिहिणं. शिकवणं मला पुढे नोकरीत जमलं. ते वर्ष मुख्यतः वह्या भरण्यात गेलं. पाठांच्या टाचणांची वही, दुसऱ्यांचे पाठ बघून शेरे लिहायची वही, आणि वर व्यक्तिअभ्यास नावाचं एक प्रकरण. त्यासाठी सराव शाळेतलं एक मूल निवडायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याच्या घरी जाऊन यायचं, वीसेक पानं लिहायची आणि वर्गशिक्षिकेची सही घ्यायची.

माझं त्यात मन नव्हतं, हेही सांगून टाकते. मोठा भाऊ हिंजवडीला आयटी कंपनीत लागला होता. कंपनीची बस त्याला घ्यायला चौकात यायची आणि बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्या बसची जेवढी चौकशी व्हायची तेवढी माझी कधी झाली नाही. "बी.एड. का? बरं बरं," म्हणून लोक विषय बदलायचे. मीही मग संध्याकाळचा संगणकाचा क्लास लावला. शिक्षिका व्हायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं, पण वर्ष वाया जायला नको होतं.

सराव शाळा विश्रांतवाडीला, म्हणजे घरापासून शहराचं दुसरं टोक. आठवीतली एक मुलगी मी निवडली. कारण एवढंच की ती फार बोलायची नाही, आणि न बोलणाऱ्या मुलांविषयी काहीही लिहिता येतं. घरी येऊ का विचारलं तर तिचा चेहरा खुलला. "या ना मॅडम, रविवारी पप्पा पण असतात," म्हणाली आणि पत्ता लिहून दिला. त्या रविवारी माझी क्लासची परीक्षा होती. पुढच्या रविवारी कंटाळा आला. सोमवारी तिनं विचारलं, "मॅडम, आला नाहीत?" मी म्हटलं, येईन.

मग बरेच जण करायचे तेच मी केलं. आदल्या वर्षीच्या एकीची फाइल मिळवली. तिनं निवडलेल्या मुलाचे वडील दारू पिऊन घरात मारहाण करायचे, आई धुणीभांडी करायची, घरी अभ्यासाचं वातावरण नव्हतं. मी मुलाची मुलगी केली आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवलं. 'गृहभेट' या मथळ्याखाली एक तारीखही टाकली. लिहिताना हात कुठं अडखळला नाही. पत्त्यात वस्तीचं नाव होतं, आणि ते वाचून बाकीचं सगळं मला खरंच वाटून गेलं होतं. आमच्या सोसायटीतल्या एखाद्या मुलीच्या वडिलांविषयी मी असं उतरवलं नसतं. हे वाक्य लिहितानाही लाज वाटते, पण ते खरं आहे.

वर्गशिक्षिका न वाचता सह्या करतात असं आम्हाला सांगितलेलं होतं. या बाईंनी वाचलं. बाई मायाळू होत्या. त्यांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "घरी एवढं सगळं आणि तू मला बोलली नाहीस?" मुलीला काहीच समजेना. बाईंनी तिच्याबरोबर वडिलांना चिठ्ठी धाडली.

वडील दोन दिवसांनी कामावरची पहिली पाळी बुडवून आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात ती चिठ्ठी. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी टेबलाच्या कडेला वह्या तपासत होते, मुलगी दाराशी उभी होती. बाईंनी त्यांना माझं ते पान वाचायला दिलं. त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"आमच्या घरात दारू येत नाही, बाई," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "मॅडम, आपण आमच्या घरी कधी आला होतात?"

बाईही माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगितलं असतं तर व्यक्तिअभ्यास रद्द, आणि त्याबरोबर वर्ष गेलं असतं. मी म्हणाले, "घरी यायचं राहिलं. पण हिनंच मला हे सगळं सांगितलं."

न गेलेल्या भेटीची तारीख बहुतेक जण टाकतात हे बाईंना माहीत असावं, कारण त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्या मुलीवर संतापल्या. "वडिलांविषयी असं सांगतात? माफी माग आधी." मुलगी वडिलांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी खाली वहीत बघत राहिले. तिनं माफी मागितली.

"पोर आहे, चुकलं तिचं," वडील मला म्हणाले. "आपण मनावर घेऊ नका. तेवढं पान मात्र बदलून टाका." मी पान बदललं. 'वडील कष्टाळू व निर्व्यसनी.' बाईंनी सही केली.

परीक्षा संपल्यावर एका दुपारी मी अखेर त्यांच्या घरी गेले. झोप लागेना, जेवण जाईना, असलं काही नव्हतं. फक्त त्या मुलीचं ते बघणं जात नव्हतं. दार आईनं उघडलं. दोन स्वच्छ खोल्या, खिडकीशी अभ्यासाचं टेबल, वर बुद्धाची तसबीर. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. पाणी समोर आलं आणि मी घडाघडा सांगून मोकळी झाले, की तिनं काही सांगितलं नव्हतं, मी खोटं बोलले.

"माहितीय," आई म्हणाली. "ह्यांना तिथंच कळलं होतं. आमची पोर खोटं बोलत नाही."

"मग तिचे पप्पा तिथं तसं का म्हणाले?"

"तुम्हाला तोंडावर खोटं पाडायचं होय? पोरीला त्याच शाळेत अजून दोन वर्षं काढायचीत." "तुम्ही आमची माफी मागू नका. फक्त त्या बाईंना जाऊन सांगा, की ही तसं बोलली नव्हती. त्या आता हिच्याशी नीट बोलत नाहीत. आधी फार जीव होता त्यांचा हिच्यावर."

"सांगते," मी म्हणाले, आणि तेव्हा मी ते मनापासून म्हटलं होतं.

शाळेला सुट्टी लागली होती. माझा निकाल यायचा होता, तोवर थांबावं असं मी ठरवलं. निकाल प्रथम श्रेणीचा आला. जूनमध्ये घराजवळच्याच एका शाळेत नोकरी लागली, आणि विश्रांतवाडीला जायचं कारण उरलं नाही. बाईंना सांगायला मी गेले नाही. त्या मुलीनं नववी आणि दहावी बहुधा त्याच शाळेत काढली असेल, वडिलांची बदनामी करणारी मुलगी म्हणून.