रेडिओवर सांगितलेली खूण

अक्षर वाईट आहे माझं, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कोणाच्या हाती पडलं तर रागावू नये, समजून घेऊन वाचावं. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. यांचं नाव तर तोंडानेही कधी घेतलं नाही, ते गेल्यावरही नाही. आता लिहायला हात धजत नाही.

माझी नात मोबाईलवर बातम्या लावते आणि अर्ध्यातच बंद करते. ती बंद करते तेव्हा मी अजून म्हणते, राहू दे, पुरतं ऐक. एका संध्याकाळी रेडिओ बंद पडू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते.

तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती, सगळा चांदा जिल्हाच होता. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून. त्या वर्षी धान घरात आलं आणि हे दुसऱ्या गावच्या टोळीबरोबर सिरोंचाकडे बांबू तोडायला गेले. महिन्याभराने टोळीतली काही माणसं परत आली ती मान खाली घालूनच. प्राणहिता ओलांडताना डोंगा उलटला होता. दोन प्रेतं सापडली. हे त्यात नव्हते, आणि जिवंत परतलेल्यांतही नव्हते.

मी रडले नाही. रडले तर खरं होईल असं वाटायचं. चुलीत लाकूड सारायचं विसरायची, भात कच्चा राहायचा. सासू न बोलता ताट सरकवायची तेव्हा जास्त भीती वाटायची.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि तो जाळतात. मग बाईच्या बांगड्या फोडतात. एक दिवस सासू जंगलातून आली ती पळसाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन. ओसरीत उतरवला आणि त्याच्याजवळच बसली.

"पुनवेले करून टाकू," ती म्हणाली. "माह्या लेकराचा जीव पाण्यात भटकून राह्यला असंन."

"आत्या, ते जिते असले तं?"

"जिता असता तं आला नसता का वं? त्याले मायचं घर ठाऊक नाई का?"

ती वाईट नव्हती. आई होती. पण तो भारा दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे असायचा. पानं सुकू नयेत म्हणून ती त्यावर पाणी शिंपडायची.

गावात शिकलेलं घर एकच, मास्तरांचं. ते नागपूरकडचे. मास्तरीणबाईंच्या घरी मी धान कांडायला जायची. त्यांनी माझं तोंड पाहून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, नागपूरहून बोलणाऱ्या रेडिओवर हरवलेल्या माणसांची माहिती सांगतात. बांबूच्या प्रत्येक कामावर मुन्शीजवळ रेडिओ असतो. संध्याकाळी सगळे भोवती बसतात. एक पत्र टाकू."

मास्तर लिहायला बसले. नाव विचारलं. मी खाली पाहत राहिले. मास्तर हसले, म्हणाले, "राहू दे, मतदारयादीत पाहतो." मग विचारलं, "अंगावर खूण काय?"

"खांद्यावर कावडीचा घट्टा आहे जी," मी म्हटलं.

"तो तर तिथल्या प्रत्येकाच्या खांद्यावर असेल. दुसरी सांग."

दुसरी होती. पण ती कशी सांगायची? आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं स्वच्छ जागेवर पडतात. पाला विझला असं समजून हे बूड टेकून बसले आणि खाली निखारा होता. किती दिवस हे उभ्यानेच जेवले! घरात सांगितलं कंबर धरली आहे. मी दाराआड टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावायची आणि दोघंही तोंड दाबून हसायचो. तो डाग माझ्याशिवाय कोणीच पाहिलेला नव्हता, त्यांच्या आईनेही नाही.

मी मास्तरांपुढून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मास्तरीणबाईंच्या कानात सांगितलं. सांगताना कानशिलं जळत होती. त्या जराही हसल्या नाहीत. बाहेर जाऊन नवऱ्याला हळूच म्हणाल्या आणि मास्तरांनी लिहिलं.

काही दिवसांनी उत्तराचं कार्ड आलं. पुनवेच्या अलीकडच्या सोमवारी, संध्याकाळच्या कार्यक्रमात सांगणार होते.

गावाचा एक रेडिओ होता, सरकारने दिलेला, शाळेच्या पडवीत लाकडी पेटीत. चिंचेपासून कौलापर्यंत त्याची तार ताणलेली होती. पण त्याची विटेएवढी बॅटरी कधीचीच मेली होती. ती सिंदेवाहीला मिळायची, आणि तिची किंमत आमच्या घरात कुठून असणार? सासूला मागायची हिंमत नव्हती. घरातले होते ते पैसे तिने पुतळ्याच्या जेवणाला ठेवले होते.

बाजाराच्या दिवशी मी कासारणीच्या दुकानासमोर नुसती उभी राहिले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"काय वं, भरायच्या का नव्या?"

"नाई. फोडायच्या आहेत म्हणते सासू."

मग मी रेडिओचं सांगितलं. तिने तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला, कमरेची पिशवी सोडली आणि पैसे माझ्या ओंजळीत ठेवले.

"घे. तुह्या बांगड्या फुटल्या तं माहंच गिऱ्हाईक जाते. जमंन तसे दे. पन त्या रेडिओले म्हनाव, जोरात बोल."

माझा धाकटा दीर सायकलने जाऊन बॅटरी घेऊन आला. सोमवारपर्यंत ती कोणाला लावू द्यायची नाही असं ठरलं. पोरं गाणी लावा म्हणून मागे लागली, तर दीर पेटीवर चढून बसला आणि तिथेच जेवला.

सोमवारी दिवस मावळायच्या आधीच गाव पडवीत जमलं. मी खांबाआड, बायकांच्या मागे. सासू येत नाही म्हणत होती, मग शेवटी आली आणि माझ्यापासून लांब बसली. मास्तरांनी कळ फिरवली. नुसती खरखर. चिंचेवर चढून कोणीतरी तार हलवली आणि एकदम आतून माणूस बोलला, स्वच्छ, जणू पडवीतच बसला आहे.

आधी बाजारभाव. मग पाऊसपाणी. मग एक लांबलचक गाणं, आणि मला वाटलं, ह्या गाण्यातच बॅटरी संपणार. वाऱ्याने तार हलली की आवाज बारीक व्हायचा. मग तो म्हणाला, हरवलेल्या व्यक्तींची माहिती. यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांसकट, गावासकट. सगळ्या बायका वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. वय, उंची, खांद्यावर घट्टा. "कमरेखाली, मागच्या अंगाला, डावीकडे भाजल्याचा जुना डाग आहे. घरी आई आणि पत्नी वाट पाहत आहेत."

मग एक म्हातारा म्हणाला, "मांगं डावीकडं म्हंजे कुठी गा?"

"बसते तिथी, बुढा!" मागून कोणीतरी ओरडलं.

सगळी पडवी हसली. पोरं तर लोळली. मी पदर दातात धरला. सासू उठली, माझ्यासमोर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माह्या मेलेल्या लेकाची अब्रू साऱ्या जिल्ह्यात काढली तू. मले नाई माहीत असा डाग त्याले असन तं कसा? खोटं सांगितलं?"

नवऱ्याच्या अंगावर माझ्या ओळखीचं काहीतरी आहे आणि ते त्यांच्या आईला ठाऊक नाही, हे त्या आईला कसं सांगायचं? त्या दिवसानंतर ती माझ्या हातचं पाणी घेईना.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रस्त्यावर कुत्रं भुंकलं तरी मी दारात जायची. पोस्टमन आला तो सरपंचाच्या घरी गेला. विहिरीवर बायका म्हणायच्या, "रेडिओवाल्याची बायको आली." मी घागर अर्धीच भरून परत यायची. आपण लाज विकली आणि हाती काही आलं नाही, असं वाटायला लागलं. पुनवेच्या आदल्या दिवशी मी मान्य केलं. सासूच्या शेजारी बसून मीच पळसाची पानं काड्यांनी टोचायला लागले. पायांची पानं लावली, मग पोटाची. हात बनवताना सासूला रडू फुटलं, आणि मग मलाही. त्या वेळी मला खरंच वाटलं, ते गेले.

पुनवेच्या सकाळी पुतळा अंगणात ठेवला होता. बांगड्या फोडायला शेजारची म्हातारी दगड घेऊन आली होती. तेवढ्यात एक अनोळखी माणूस फाटकापाशी उभा राहिला. तेलुगू ढंगाची मराठी. धुळीने पांढरा झालेला.

"रेडिओत सांगितलं ते घर हेच काय?"

त्याने अंगणातला पुतळा पाहिला आणि घाबरला.

"तो डाग..." तो म्हणाला, आणि बायकांकडे पाहून लाजला. "तो डाग असलेला माणूस आमच्या कामावर आहे. जिता आहे. फार ताप आहे."

तो माणूस तिकडे बांबूच्या एका कामावर स्वयंपाक करायचा. हे नदीतून खाली वाहत दुसऱ्या काठाला लागले, चालत त्या कामापर्यंत पोचले आणि हिवतापाने पडले. मुन्शीने यांना ठेवून घेतलं, पण हजेरीपटावर नवं नाव चढवलं नाही. पळून गेलेल्या एकाच्या नावावर यांना लावलं, म्हणजे त्याच्या वाट्याचे तांदूळ यांना मिळतील. तिथे सगळे यांना त्याच नावाने हाक मारायचे. रेडिओवर नाव आलं तेव्हा मुन्शी म्हणाला, आपल्याकडे असा कोणी नाही. हे स्वतः तापात बडबडत पडलेले. पण हा माणूस रोज यांचं अंग पुसायचा. मागची बाजू त्यानेच पाहिली होती.

सासूने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मग माझ्याकडे वळली. उठून पुतळ्याचं एकेक पान सोडायला लागली. त्या दिवशी त्या पाहुण्याला त्याच पानांच्या पत्रावळीवर जेवू घातलं.

दीर गाडी जुंपून गेला आणि यांना घेऊन आला. मी ओळखलं नाही असे झाले होते. किती तरी दिवस ते जगतील असं वाटत नव्हतं. मी दगडासारखी बाजूला बसून राहायची. ताप उतरायचा, परत चढायचा. पावसाळा लागला तेव्हा कुठे ते काठी टेकत अंगणात आले. ते बसायला लागले तशी सासू म्हणाली, "पाहून बस, बाप्पा." हे माझ्याकडे पाहून हसले. त्या वर्षी घरात पहिल्यांदा कोणी हसलं.

कासारणीचे पैसे मी थोडे थोडे फेडले. कधी मोहफुलं विकून, कधी धान रोवण्याच्या मजुरीतून. शेवटचे नवं धान निघाल्यावर दिले. तेव्हा हेही बाजारात बरोबर आले होते, थोडे लांब उभे होते. कासारणीने त्यांना खालवर न्याहाळलं.

"हाच का वं तो? आता नीट बसते का?"

मी पदराच्या गाठीतून उरलेले पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. तिने मोजले नाहीत. पिशवीत टाकले, माझा हात ओढून पुढे घेतला आणि म्हणाली, "झाले सगळे. आता कोनत्या रंगाच्या भरू, सांग."