जयवंताचा जाळीचा अंतरपाट

आमची जयवंता, म्हणजे माझी धाकटी जाऊ, हिनं जन्मात एक रुमाल पुरा विणला असेल तर माझं नाव बदला. हात मात्र असा, की क्रोशाची सुई धरली की पाहत राहावं. देवळीच्या बाजारातून पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे आणायचे, मोठ्या हौसेनं काहीतरी मांडायचं, आणि अर्ध्यावर आलं की बाईला कुठंतरी नवा नमुना दिसायचा. झालं! जुनं पेटीत, नवं हातात. तोरण निम्म्या दारापर्यंत येऊन थांबायचं. आमच्या सासूबाई आनंदाबाई आल्यागेल्याला ती पेटी उघडून दाखवत, आणि मला त्याचा भारी राग यायचा. जयवंता मात्र त्यांच्यासोबतच हसत बसायची.

पण वाया ती काही जाऊ देत नसे. रेडिओचं कव्हर अर्ध्या रेडिओलाच पुरलं, तेव्हा ते घुंगरू लावून पोळ्याला बैलाच्या कपाळावर चढलं. सारं गाव आमच्याच बैलाकडे पाहत होतं. एका झंपरची एकच बाही झाली, दुसरी कधी झालीच नाही. त्या बाहीत ती लसणाच्या गड्ड्या भरून टांगायची. तिचे मालक किसनराव म्हणायचे, हिनं एकच काम पुरं केलं, ते म्हणजे आमची वच्छी.

त्या वच्छीचं लग्न एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात जमलं. मुलगा हरिदास, हिंगणीचा, घरची शेती. पाहायला आले त्या दिवशी आमच्या पोरीनं मान जी खाली घातली, ती वर केलीच नाही. तिला दिसल्या फक्त त्याच्या नव्या चपला आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी. तेवढ्यावर होकार गेला, आणि मग पोरीच्या घशाखाली भाकर उतरेना. एक दिवस आम्ही तिघी मिरच्या निवडत होतो, तेव्हा बोलली.

"आई, मी त त्याचं तोंडच नाई पाह्यलं. अंतरपाट सरकला अन् मले भेव वाटलं, त कुठं जाऊ मी?"

मी म्हटलं, अगं, आम्ही तरी कुठं पाहिलं होतं. पण पोरीचे डोळे भरून आले होते. जयवंता मिरच्या देठासकटच टोपलीत टाकायला लागली, आणि तिचं असं लक्ष उडालं की मला धास्तीच वाटते.

लग्न जवळ आलं. रुखवतात मुलीकडचं हातकाम मांडावं लागतं, आणि घरात पुरं असं काहीच नाही! मग आम्ही ती पेटीच अंगणात उपडी केली. गोल तुकड्यांना मणी ओवून पेल्यांवरची झाकणं केली. एक लांब पट्टी सुपाच्या कडेनं शिवली. उरलेल्या मोठ्या तुकड्यांचा अंतरपाट करते, असं जयवंतानं जाहीर केलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरानवरीच्या मधे धरतात तो पडदा, आणि हिनं तो जाळीचा केला. जिथं टेबलक्लॉथ अडला तिथं तोरण जोडलं, तोरण संपलं तिथं उशीचा अभ्रा. दिसत होता मोठा देखणा. सासूबाईंनी तो उन्हात धरून पाहिला, तर पलीकडची गाय शिंगासकट दिसली.

"अंतरपाट हाय का चाळणी? अस्तर लाव याले," त्या म्हणाल्या.

लावते म्हणाली. पिवळं कापड आणलं, टाके घालताना मी स्वतः पाहिलं. मनात म्हटलं, चला, एकदाचं हिचं एक काम पुरं होणार.

मांडवात अंतरपाट धरला, आणि मी वच्छीच्या मागून पाहते तो काय! वर अस्तर, खाली अस्तर, आणि नेमकी पोरीच्या तोंडासमोर वीतभर जाळी उघडीच. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी जयवंताकडे डोळे वटारले, तर ही आपली शांतपणे अक्षता टाकत होती.

तेवढ्यात वच्छीनं मान वर केली. जाळीपलीकडे हरिदास, घामाघूम, मिशीत तांदूळ अडकलेला, आणि आमच्या पोरीहून जास्त घाबरलेला. दोघांची नजर भेटली. आधी तिला हसू फुटलं, मग त्याला. तिच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या. भटजींनी आवाज चढवला, पण यांचं हसू काही आवरेना. आणि मला रडू आलं, खरं सांगते, आनंदानं रडू आलं. पंगतीत कळलं, अंगठ्याला ती चिंधी होती कारण मुलगी पाहायला निघायच्या घाईत हरिदासला ठेच लागली होती, बाकी काही नाही.

जेवणं उरकल्यावर मी जयवंताला गाठलं. म्हटलं, वीतभर तर राहिलं होतं, मला सांगायचं, मी शिवून दिलं असतं.

"बाई, बाकी सारं राहून गेलं," ती म्हणाली. "हे मी ठेवलं."

दोन वर्षांनी वच्छी बाळंतपणाला आली. तोच अंतरपाट तिनं उन्हाच्या आडोशाला पाळण्यावर टाकला होता. उघड्या जाळीतून बाळाच्या तोंडावर कवडसा पडलेला पाहून मी सुईदोरा काढला. हरिदास पाळण्यावर वाकून त्या जाळीतून बोटं हलवत होता, आणि बाळ हसत होतं. वच्छीनं माझा हात धरला.

"मोठ्याई, राहू दे," ती म्हणाली. "मी बी याच्या बापाचं तोंड पयल्यांदा इथूनच पाह्यलं."