स्टीलचा डबा

आईच्या अंत्यविधीला बाबा आले, पण गाडीतून उतरले नाहीत. क्रिमेटोरियमच्या पार्किंगमध्ये काच वर करून बसून राहिले. त्याआधी पाच आठवडे आई हॉस्पिटलमध्ये होती, तिथेही ते एकदासुद्धा फिरकले नव्हते. मी काचेवर टकटक केली आणि चार लोक ऐकत असताना सांगून टाकलं, "आजपासून मला वडील नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझा स्वभाव तापट, त्यांचा घुमा. पुढची सात वर्षं आम्ही दोघांनी आपापला स्वभाव नीट जपला.

ते हाउन्सलोत, मी मेडनहेडला. गाडीने फार तर पाऊण तास. मी नऊ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून विलायतेत, हाउन्सलोच्या त्या घरात राहायला आलो. बाबा विमानतळावरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. माणसांत मिसळणं त्यांना कधी जमलंच नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, गणपतीला आई एकटी जायची आणि "ह्यांची शिफ्ट आहे" म्हणून सांगायची. कधीकधी ते आठवडाभर वरच्या खोलीतून खाली उतरायचे नाहीत, आई ताट दाराबाहेर ठेवायची. या त्रासाला काही नाव असेल, औषध असेल, असं आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही त्याला 'लहर' म्हणायचो आणि मोकळे व्हायचो.

विमानतळाच्या नव्या टर्मिनल फाइव्हचं बांधकाम चालू होतं, त्या काळातल्या एका नोव्हेंबरात बाबांच्या शेजारच्या आयरिश आजींचा मला फोन आला. "तुझे वडील जिवंत आहेत," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "पण पुढचं दार उघडलेलं मी महिनाभर पाहिलेलं नाही. ब्रेड-दूध मी मागच्या कुंपणावरून देते. माझं वय झालं, मी किती दिवस देणार?"

मी गेले. बेल वाजवली. पत्र टाकायच्या फटीला आतून टेप लावलेली होती. दाराच्या कडांमध्ये घोंगडीच्या पट्ट्या ठासून भरल्या होत्या, पडदे ओढलेले. बाजूच्या गल्लीतल्या फाटकाला कुलूप. मी आत येऊ नये म्हणून केवढा हा बंदोबस्त, या विचाराने माझं डोकं फिरलं. मी दोन-चार हाका मारल्या, दारावर एक लाथही मारली, आणि घरी परत आले.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले, या वेळी वरण-भात आणि भाजी घेऊन. राग होता तो होताच, पण हा माणूस सात वर्षं जेवतोय काय, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. इथल्या समस्त मराठी बायकांप्रमाणे माझ्याही कपाटात आइस्क्रीमचे रिकामे डबे पंधरा-वीस तरी होते. ते मी त्यासाठीच काढले. वापरून फेकून द्यावेत, परत करायची कटकट नको, त्यांच्यावर कसलं ओझं नको. खरं सांगायचं तर माझे चांगले डबे त्या घरात अडकू नयेत, हाही विचार होताच. मी डबे पायरीवर ठेवायची, बेल वाजवून गाडीत बसायची, दहा मिनिटं वाट बघायची. दार उघडायचं नाही. पुढच्या शनिवारी डबे गेलेले असायचे. चिठ्ठी नाही, फोन नाही, काही नाही. असे सहा शनिवार गेले. बाबा जेवण खातात की रात्री गल्लीत फिरणाऱ्या कोल्ह्यांना घालतात, तेही मला कळत नव्हतं.

सातव्या शनिवारी कपाटात आइस्क्रीमचा एकही डबा उरला नव्हता. मी चरफडत साबुदाण्याची खिचडी स्टीलच्या कडीच्या डब्यात भरली. गेला डबा, असं मनाशी म्हणून ठेवून आले.

पुढच्या आठवड्यात गेले तर डबा पायरीवर होता. घासून, पुसून, कडी लावून. मी उघडला. तळाशी चमचाभर साखर होती.

मी तशीच थंडगार पायरीवर बसले. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे आईने आम्हा दोघांना घोटून घोटून शिकवलं होतं. घरात काही नसेल तर साखर घाल, पण रिकामा देऊ नकोस. जो माणूस बायकोच्या चितेपाशी आला नाही, मुलीसाठी दार उघडत नाही, त्याला माझा डबा रिकामा देववत नव्हता. आणि मी शहाणी, सहा आठवडे त्यांना प्लॅस्टिकचे डबे देत बसले होते. परत काही पाठवायची संधीच मी त्यांना ठेवली नव्हती. त्या चमचाभर साखरेपुढे मी ढसाढसा रडले, आणि आयरिश आजी खिडकीतून बघतायत म्हणून पुन्हा नीट बसले.

मग मी स्टीलचेच डबे नेऊ लागले. एकदा मूठभर शेंगदाणे आले. एकदा किचन रोलमध्ये गुंडाळलेली चार बिस्किटं आली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मात्र डब्यात कढीपत्त्याचा एक डहाळा निघाला.

दुकानातला कढीपत्ता मला चांगला माहीत होता. विमानाने आलेला, पाकिटात कोमेजलेला, जपून वापरायचा. हा तसा नव्हता. काळपट हिरवी, तुकतुकीत पानं, देठ नुकताच मोडलेला, आणि वास असा की गाडीत स्वयंपाकघर शिरल्यासारखं वाटलं. बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ होतं. पुढच्या डब्यात मी चिठ्ठी टाकली, "बाबा, कढीपत्ता कुठून आणलात?" उत्तर डब्यातच आलं, त्यांच्या त्या वर्कशॉपी ठळक अक्षरात: "शनिवारी फाटक उघडं ठेवतो. मागच्या दाराने ये, डबे मी तिथूनच नेतो. आत आलीस की दार लगेच लाव."

मी आत शिरले, दार लावलं. घरात दमट ऊब होती आणि सगळीकडे तोच वास. बाबा स्वयंपाकघरात उभे होते. केस खांद्यापर्यंत, स्वेटरच्या कोपरांना भोकं, अंगाने निम्मे झालेले. मला बघून त्यांनी फक्त मान हलवली आणि हॉलकडे वळले. मी मागोमाग गेले आणि जिन्यापाशी थबकले.

जिन्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत एक झाड उभं होतं. कुंडीतलं रोप नव्हे, झाड. हॉलच्या फळ्या चौकोनी कापून त्यांनी ते घराखालच्या मातीत लावलं होतं. खोड माझ्या मनगटापेक्षा जाड. जिन्याच्या कठड्याचे गज जिथे फांद्यांच्या वाटेत येत होते तिथे कापले होते आणि कापलेली टोकं घासून गुळगुळीत केली होती. शेंडा वरच्या मजल्याच्याही वर गेला होता. तिथे छत कापून कौलांत काच बसवली होती आणि त्या काचेतून फेब्रुवारीचा उजेड खाली पाझरत होता. वर पांढरी फुलं होती. एक विमान घरावरून खाली उतरत गेलं तसं सगळं झाड शेंड्यापासून पायथ्यापर्यंत थरथरलं, आणि मग शांत झालं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एखाद्या मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यातही मला असं कधी झालेलं नाही.

"आईचं?" मी विचारलं.

"हो. पिनरहून आणलेलं रोप. ती गेली तेव्हा नुसती काडी उरली होती."

मला ते रोप आठवलं. दर हिवाळ्यात त्याची पानं गळायची आणि आई त्याला आपली शाल गुंडाळायची.

"गार वारा लागला की मरतं हे. म्हणून पुढचं दार ऑक्टोबरपासून बंद करतो, एप्रिलमध्ये उघडतो," बाबा म्हणाले. "तसं एप्रिलमध्ये उघडूनही मी कुठे जातो म्हणा."

ते स्वतःच खरं बोलले, ते बरं झालं. झाड हे निम्मं कारण होतं. उरलेलं निम्मं त्यांच्या आत होतं, आणि त्यावर पुढे डॉक्टर, गोळ्या, कौन्सिलचे फॉर्म असं बरंच काही मला करावं लागलं. पण त्या दिवशी मी कापलेल्या गजाला हात लावून उभी होते, आणि सात वर्षं दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही हॉस्पिटलमध्ये का नाही आलात?"

त्यांनी खालच्या फांदीवरचं एक पिवळं पान खुडलं. "तीनदा आलो. बसने. दारापर्यंत. आत जायची हिंमत झाली नाही." मग म्हणाले, "चुकलं माझं. तू गाडीच्या काचेपाशी जे बोललीस ते बरोबर होतं."

बाबांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं होतं, तो ऐकला की मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. मी म्हटलं, "बरोबर नव्हतं, बाबा. मी रागात होते." आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो. मी आणलेली थालीपिठं त्यांनी तिथेच, झाडाखाली खाल्ली.

निघताना मी मागच्या दाराकडे वळले.

"तिकडून नको," बाबा म्हणाले. "घरची मुलगी मागच्या दारानं जाते का?"

मी नको नको म्हणत असताना त्यांनी घोंगडीच्या पट्ट्या एकेक करून उपसल्या, दोन्ही कड्या काढल्या आणि पुढचं दार सताड उघडलं. बोचरा वारा सरळ आत घुसला. मी धावत गाडीत जाऊन बसले, कसंबसं इंजिन सुरू केलं. बाबा उंबऱ्यातच उभे होते, फाटक्या स्वेटरमध्ये, हात वर करून, आणि त्यांच्या मागे झाडाची सगळी पानं वाऱ्याने हलत होती. मी काच खाली करून भर रस्त्यात ओरडत होते, "बाबा, दार लावा! अहो, झाड गारठेल, दार लावा ना!" माझी गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी काही ते लावलं नाही.