दुपारी काय हाय?

ओट्यावरची जागा पदराने पुसायची, तिथे दोनदा तळहात थोपटायचा आणि म्हणायचं, "बस नं बाई, काऊन उभी?" जागा आधीच लख्ख असायची, तरी पुसायची. धामणगाव बढ्यात आमच्या समोर राहणाऱ्या मावशीचा हा रिवाज कुणासाठी चुकला नाही. तावातावाने भांडायला आलेल्या बाईलाही तिने आधी बसवलं, पाणी दिलं आणि मग भांडली.

नात्याने ती माझी कुणी नव्हती. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा घरात सासू नव्हती. सासरे शेतात, नवरा शाळेत मास्तर, नणंद मैत्रिणींकडे. सकाळ कामात जायची, संध्याकाळ चुलीपुढे. दुपार मात्र खायला उठायची. एकदा दाराआड उभी राहून रडत होते, तर समोरून ती हाक आली. मी गेले. का रडतेस हे तिने विचारलंच नाही. कणकेचा गोळा नि एक काडी हातात दिली आणि म्हणाली, "चाल, लाग कामाले."

सरगुंडे ज्यांनी केले आहेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कणकेचा बारीक दोरा वळत वळत काडीभोवती गुंडाळायचा, मग काडीवरून अलगद उतरवून वाळवायचा. उन्हाळ्यात उकडून आमरसाबरोबर खायचा. हाताला काम, तोंड मोकळं. माझा पहिला सरगुंडा तिने उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "बाई वं, हे तं गांडूळ हाय!" मी हसले. सासरी आल्यावरचं ते माझं पहिलं हसू.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. आमच्या लहानपणी आम्ही नि बऱ्हाणपूरकर एकाच राज्यातले, आता बऱ्हाणपूर परराज्य झालं. मावशीला हे काही पटायचं नाही. "गाव तं जागचं हाललं नाही, मंग राज्य कसं हाललं?" असं ती माझ्या नवऱ्याला विचारायची, आणि मास्तर नकाशा काढून बसले की, "राहू द्या गुरुजी, चाय प्या," म्हणून विषय मिटवायची.

गावातली माणसं पोटासाठी बाहेर पडायची. कुणी सुरतेला, कुणी इंदूरला. बिऱ्हाड हलवण्याआधी जो तो चौकशी करायचा, आणि करायलाच हवी. पाणी गोड की मचूळ, ज्वारी मिळते की भातावर राहायचं, पोरांच्या शाळेत मराठी आहे का, रात्री-बेरात्री डॉक्टर दार उघडतो का. सगळं विचारून झालं की मावशी सुपातून मान वर करायची. "हे झालं सकायचं नि रातचं. दुपारी काय हाय?"

पुरुषमाणसं हसायची. मीही हसायची, खोटं कशाला बोलू!

नणंदेला बऱ्हाणपूरचं स्थळ आलं तेव्हाची गोष्ट. बैठकीत मानपान ठरला, तारीख ठरली, सुपारी फुटायची तेवढी बाकी. आतल्या दारात बसलेली मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "पाव्हणे, पोरीच्या दुपारी काय हाय?" मुलाचे काका चपापले. "दुपारी? दुपारी झोपतात," म्हणाले. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. पाहुण्यांबरोबर आलेली एक म्हातारी मात्र खुदकन हसली. "घरामागंच तापीचा घाट हाय, बाई. साऱ्या बाया धुणं घेऊन तिथंच राह्यतात," ती म्हणाली. मावशी सासऱ्यांकडे वळली. "जमते मंग. द्या पोरगी." नणंद आजही बऱ्हाणपुरात सुखात आहे.

आणि मग तिच्यावरच वेळ आली.

तिचा एकुलता एक मुलगा भिलाईच्या कारखान्यात लागला होता. त्याला क्वार्टर मिळालं. इकडे मावशीला चक्कर येऊ लागली होती. एकदा विहिरीच्या काठाशीच कोसळली, मीच हातातला दोर टाकून धावले. हे कळल्यावर तो न्यायलाच आला. लग्न व्हायचं होतं त्याचं, घरात दुसरं माणूस नाही. ओट्यावर बसून तो तिला समजावत होता.

"माय, नळ हाय घरात. लाईट हाय. दवाखाना हाय, फुकट. आखीन काय पाह्यजे तुले?"

"दुपारी काय हाय?"

"मी कामावर असतो नं माय दुपारी. मले काय माहीत?"

"शेजारीन कोन हाय?"

"एक तेलुगू हाय, एक बंगाली. तिकडून एक छत्तीसगडची. तुले त्यांचं समजनार नाही, त्यांले तुहं समजनार नाही."

मावशी उठून आत गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुपारींची काळजी वाहिलेली बाई, आणि हिच्याच दुपारी चार भिंती! मला त्या पोराचा असा राग आला की काय सांगू. ठेव म्हटलं तिला इथंच, आम्ही काय मेलो आहोत का? तो बिचारा डोळे पुसत म्हणाला, "वयनी, विहिरीजवळ तुमी होत्या म्हनून. तुमी नसत्या तं?"

दुसऱ्या दिवशी मावशी सामान बांधत होती. दोन लुगडी, एक तांब्या आणि सरगुंड्याच्या काड्यांची ही मोठी जुडी.

"मावशी, एवढ्या काड्या? तू तर एकटी."

"पीठ तं तिथंही भेटन. काड्या नाही भेटत." सुतळीची गाठ दाताने ओढत ती म्हणाली, "एक माह्या हातात. बाकीच्या ज्या येतीन त्यांच्या."

"आणि नाहीच आल्या तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण तोंडावर तेच खट्याळ हसू. "तू नव्हती आली का?"

मलकापूरच्या बसमध्ये बसताना तिने जुडी टपावर टाकू दिली नाही, मांडीवर घेतली. बस गेली. त्या दुपारी मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं, तेही सगळं उरकल्यावर. शाळेला सुट्टी लागताच आम्ही दोघं तिच्या मुलाला भेटायला भिलाईला गेलो. गाडीत माझ्या मनात एकच घोळत होतं: कशा काढल्या असतील बाईने तिथल्या दुपारी?

क्वार्टरांची रांग सगळी सारखी. ऊन रणरणत होतं. नवरा पुढे नंबर शोधत गेला आणि मी एका व्हरांड्यापाशी थांबले. तिथे तीन बाया बसल्या होत्या. एकीची साडी बंगाली घाटणीची, एकीच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा, तिसरीच्या पायात जाड चांदीचे तोडे. तोडक्यामोडक्या हिंदीत कशावरून तरी तिघींची जुंपली होती. हात मात्र चालू होते. प्रत्येकीच्या हातात काडी होती आणि काडीवर कणकेचा दोरा.

मावशीचं क्वार्टर हेच. बायांच्या मागच्या दाराला कुलूप होतं. पोरगा कामावर गेला असणार.

गजरेवालीचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी कोण, कुठली, तिला काही माहीत नव्हतं. तिने शेजारची जागा पदराने पुसली. जागा लख्खच होती. तळहाताने दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "बैठ ना बाई, काऊन उभी?"

मी बसले. मला हुंदका आवरेना. तिने का रडतेस हे विचारलं नाही; जुडीतली एक काडी ओढली आणि माझ्या हातात दिली.