रांजणाला सांगितलेला युरोप

पांढुर्ण्यात युरोप कोणी आणला असेल तर तो माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाने. सौंसरच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे आणि दर रविवारी बसने आमच्याकडे यायचे. एकटा जीव. आमच्यात भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं, तिनेही पदर ओढून आडोशाला राहायचं. पण गप्प बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याचा रांजण होता, ते त्याच्याशी बोलायचे. आत भाकरी थापत मी ऐकायची.

"रांजणा, स्पेनवाल्यायनं अमेरिकेतून जहाजं भरभरून चांदी आणली. अन् झालं काय? गहूच महाग झाला! समजून राहिलं का?" रांजण समजल्यासारखा एक थेंब गाळायचा. मिरीसाठी समुद्रात बुडणारे व्यापारी, ट्यूलिप फुलाच्या एका कांद्यापायी घर विकणारे शहाणे, सगळ्यांशी त्याची ओळख झाली. आमच्या बगीच्यातली संत्री फळ धरायच्या आधी, फुलावरच विकायला काढली, तेव्हा तर त्या कांदेवाल्यांची फजिती त्याला तासभर ऐकावी लागली. "थे लोकं एकमेकाले तोफा मारत, अन् एकमेकाच्या हुंड्याही वटवत. आपण एकच आहो, हे मनात ठाऊक होतं ना! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा अन् सावरगाव नदीच्या दोन काठांवरून गोटे मारते, मंग एकाच बाजारात कापूस विकते. तसाच युरोप!"

एका रविवारी माझे यजमान वैतागले. "दादा, कायले डोकं खपवता? तिले चौथीवालीले काय समजते? कोणीच ऐकून नाही राहिलं."

भासरे रांजणापासून उठले. पुढच्या रविवारी आले, चहा प्याले, गेले. त्याच्या पुढच्याही. माझी शाळा चौथीतच सुटली होती. ही रविवारची दुसरी शाळाही आता बंद पडणार, असं दिसू लागलं. मग एकदा ते चहा पिऊन चपला घालायला उठले. दाराआडून मी बोलले, "रांजणा, विचार ना त्यायले, थे चांदी शेवटी गेली कुठं?"

यजमानांचा कप तोंडाशीच राहिला. भासरे परत खाली बसले.

"रांजणा, सांग तिले. त्यातली लय चांदी इकडंच आली. आपलं सुती कापड घ्याले." आणि मग बस चुकेपर्यंत बोलत राहिले.

ते वारले तेव्हा त्यांच्या फोटोला हार घालताना मी पहिल्यांदा पदर न ओढता त्यांच्याकडे पाहिलं. गालावर खळी होती. एवढा मुलूख त्यांनी मला दाखवला, पण त्यांची खळी मला ठाऊकच नव्हती.