वकीलबाईंना सांगितलेली खिडकी

दुपारच्या वेळी गादीवाल्याच्या दुकानात कुणी गेलं, तर त्याला थोडा वेळ दारातच उभं राहावं लागायचं. आत नुकताच कापूस पिंजून झालेला असायचा. उन्हाची एक तिरीप वरच्या झरोक्यातून खाली उतरलेली असायची आणि तिच्यात कापसाचे बारीक तंतू सावकाश फिरत असायचे, जणू त्यांना खाली यायची काही घाई नाही. आणि त्या उजेडाच्या पलीकडे, नव्यानं शिवलेल्या गादीवर, डोळे मिटून गादीवाला पडलेला असायचा.

गिऱ्हाईक खाकरायचं. गादीवाला डोळे न उघडताच म्हणायचा, "तपासतोय."

ते अगदीच खोटं नव्हतं. गादी हातानं दाबून कळत नाही, ती पाठीला कळते. कुठे गाठ राहिली, कुठे कापूस कमी पडला, ते पाठ सांगते. पण एखाद्या दिवशी तपासणी जरा लांबायची आणि गिऱ्हाईक बिचारं दुसऱ्या गादीवर बसून राहायचं. कधी कधी तेही आडवं व्हायचं.

बोलणं मात्र त्याचं फार कमी. गादीला टाके घालताना माणूस दोरा दातात धरतो, आणि त्याचा सगळा दिवस टाके घालण्यातच जायचा. संध्याकाळी दोरा निघाला तरी तोंड मिटलेलंच राहायचं. बायको म्हणायची, "यांच्या तोंडाला पण खोळ शिवलीय कुणीतरी." खोळी तीच शिवायची, त्यामुळे हे तिला शोभून दिसायचं.

दोघांचा सगळा संसार दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत झाला. खोलीच्या एका कोपऱ्यात चूल, आणि चुलीसमोर भिंत. बायको स्वयंपाक करायची ती त्या भिंतीकडे तोंड करून. गादीवाला जेवणाची वाट बघत बसायचा तेव्हा त्याला तिची पाठ दिसायची. पाठींचं त्याला कळायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी त्याच्या मनात आलं होतं, की हिच्यासमोर एक खिडकी असायला हवी. मग ते मनातून गेलंच नाही. सांगू सांगू म्हणता मुली मोठ्या झाल्या, लग्नं होऊन आपापल्या घरी गेल्या, आणि तो काही बोलला नाही.

अखेरीला एक घर जमलं. दोन खोल्यांचं, गल्लीच्या टोकाला. एका निवृत्त मास्तरांचं होतं, ते मुलाकडे राहायला चालले होते. साठवलेलं होतं, काही कर्ज मिळालं, आणि मास्तर माणूस भला, भावात फार ताणलं नाही त्यांनी. घर बघायला गेला तेव्हा गादीवाला थेट स्वयंपाकघरात गेला. समोर कोरी भिंत. तो बाहेरून वळसा घालून आला. भिंतीच्या पलीकडे मोकळं होतं. त्यानं विटांवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मास्तरांना वाटलं, ओल बघतोय.

त्या दिवशी त्यानं ठरवलं. घराच्या पैशांत हात घालायचा नाही, पण वरची म्हणून जी थोडी पुंजी होती ती खिडकीची. गवंड्याला विचारून घेतलं. पैसे एका लहान उशीत घातले, वरून कापूस भरला, उशी शिवून टाकली आणि दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवली. बायकोला सांगायचं नाही. ताबा मिळाला की दोन दिवस तिला धाकटीकडे पाठवायचं, आणि ती परत येईल तेव्हा समोर खिडकी.

घराचे कागद एकदा वकिलाला दाखवा, असं मास्तरांनीच सुचवलं. म्हणून तो वकीलबाईंकडे गेला. औषधांच्या दुकानावर एक लहान कचेरी होती. भिंतीला लागून कपाटं, कोपऱ्यात कारकुनाचं टेबल, आणि मधे वकीलबाई, गादीवाल्याच्याच वयाच्या. त्यांनी आपल्या फीचं नीट समजावून सांगितलं. कागद तपासायचे इतके, खरेदीखत करायचे इतके. गादीवाल्यानं तेवढं ऐकलं. मग त्याचं लक्ष त्यांच्या खुर्चीवरच्या उशीकडे गेलं. सगळा कापूस एका बाजूला सरकलेला, दुसरी बाजू पार बसलेली. म्हणूनच बाई डाव्या अंगाला कलून बसतात. किती कापूस लागेल, टाके किती अंतरावर घालावे लागतील, याचा तो हिशेब करत होता तेव्हा वकीलबाई सांगत होत्या की सल्ल्यासाठी यावं लागलं तर प्रत्येक बैठकीचे वेगळे होतील. गादीवाल्यानं मान डोलावली. ती मान उशीसाठी होती.

पुढे लहानसहान शंका घेऊन तो जाऊ लागला. अंगणातला नळ नक्की कुणाच्या नावावर, शेजाऱ्याचा कोपरा जरा आत आलाय का. वकीलबाई उत्तर द्यायच्या. उत्तर मिळालं तरी तो लगेच उठायचा नाही. एकदा नकाशा पाहताना त्यांनी सहज विचारलं, "स्वयंपाकघर कुठल्या अंगाला?"

एवढं विचारलं आणि गादीवाल्याचा टाकाच उसवला. त्यानं अंग सांगितलं, मग भिंत सांगितली, मग खिडकी सांगितली. आपण इतकं बोलू शकतो हे त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, ती खिडकी चांगली उंचावर घेणार, म्हणजे मधे कुणाचं छप्पर येणार नाही, नुसतं आभाळ. सकाळी आधी डब्यांच्या झाकणांवर उजेड येईल. मग तिच्या हातांवर. ती भाजी ढवळत असेल आणि समोरचं आभाळ काळ्याचं निळं होत असेल, आणि तिला वाटेल की आपण ढवळतोय म्हणूनच ते होतंय. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. खालच्या रस्त्यावरचा आवाज काही वेळ वर आलाच नाही.

त्यानंतर कागदांत काही अडचण नसतानाही तो जात राहिला. पलंग कुठे लागेल, पावसाळ्यात दार फुगलं तर कुठल्या बाजूनं तासायचं, रात्री कूस बदलली तर नळाचा आवाज येईल का. बाई ऐकत राहायच्या. कधी एखादा प्रश्न विचारायच्या. आणि कोपऱ्यातला कारकून, कचेरीची रीतच होती म्हणून, प्रत्येक वेळी एक ओळ लिहून ठेवायचा.

खरेदीखत जवळ आलं तेव्हा कारकुनानं गादीवाल्याच्या हातात बिल दिलं. ठरलेल्या रकमेच्या खाली बैठकांची रक्कम होती, आणि ती ठरलेल्या रकमेहून मोठी होती. गादीवाल्यानं त्या रकमेवर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "हे आम्ही बोललो त्याचे?"

"सल्ल्याचे," कारकून म्हणाला.

"त्या कुठे देत होत्या सल्ला? मीच बोलत होतो."

"मग जास्तच लावायला हवे होते," कारकून म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसून पुन्हा कामाला लागला.

वकीलबाई त्या दिवशी कोर्टात होत्या. त्या असत्या तर काही म्हणता आलं असतं का, याचा विचार करत तो जिना उतरला. काय म्हणणार? मी स्वप्नं सांगत होतो, ती धरू नका? लोक स्वतःचा कापूस घेऊन येतात तेव्हा आपणही पिंजण्याची मजुरी घेतोच की. त्या बाईनं आपला कापूस पिंजला. मन लावून पिंजला. पैसे मागितले तर चुकलं कुठे?

बाकी सगळा पैसा जिथल्या तिथे बांधलेला होता. त्यानं फळीवरची उशी काढली, टाके उसवले, आतलं काढून घेतलं आणि रिकाम्या जागी कापूस भरून ती पुन्हा शिवली. गवंड्याला निरोप दिला, तूर्तास नको.

घर दोघांच्या नावावर व्हायचं होतं, म्हणून सह्यांच्या दिवशी बायकोही कचेरीत आली. घडीचे कपडे, तेल लावून बसवलेले केस. सह्या झाल्या. मास्तरांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि डोळे पुसत निघून गेले. गादीवालाही निघायला उठला, तेवढ्यात वकीलबाई बायकोकडे वळून हसल्या आणि म्हणाल्या, "तुमची खिडकी झाली की मला बघायला बोलवा हं. माझ्या तर अगदी डोळ्यांसमोर आहे ती."

बायकोनं वकीलबाईंकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. वकीलबाईंचं हसू मात्र हळूहळू ओसरलं आणि त्या समोरचे कागद नीट करू लागल्या.

वाटेत ती बोलली नाही. एरवी गप्प राहणं त्याचं काम होतं, त्यामुळे त्याला रस्ता फार लांब वाटला. नव्या घरात त्यानं मास्तरांना विचारून आदल्या दिवशी फक्त एक गादी आणून ठेवली होती, गुंडाळलेली. बायकोनं कुलूप उघडलं, गादीला वळसा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन कोऱ्या भिंतीसमोर उभी राहिली. त्याच्याकडे पाठ करून.

"कोणती खिडकी?"

त्यानं सांगितलं. आधी तुटक तुटक, मग सलग. उशी सांगितली, गवंडी सांगितला, धाकटीकडचे दोन दिवस सांगितले, आणि शेवटी बिल सांगितलं. ती तशीच उभी होती.

"म्हणजे मनातलं सांगायला तुम्ही वकील लावलात," ती म्हणाली. "इतकी वर्षं घरात मी बसलेय. फुकट."

"तुला सांगितलं असतं तर कळलं असतं ना."

"काय?"

"खिडकी होणार ते."

तिची पाठ हलायला लागली तेव्हा तो घाबरला. मग कळलं की ती हसतेय. डोळे टिपत ती वळली आणि म्हणाली, "त्यांच्या त्या खुर्चीची उशी पार गेलीय. नवी भरून द्या. आणि बसून बघायचे पैसे वेगळे लावा."

त्या उशीकडे हिचंही लक्ष गेलं होतं, याचंच त्याला बरं वाटलं.

"दाखवा आता," ती म्हणाली. "कुठे होती?"

खोळीवर खुणा करायचा खडू त्याच्या खिशात असायचाच. टाचा उंचावून, हात ताणून त्यानं भिंतीवर चौकट काढली. उन्हं कलली होती आणि रिकाम्या खोलीत ती पांढरी चौकट हवेत टांगल्यासारखी दिसत होती. बायको तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, जिथे चूल येणार होती तिथे. मान वर केली. पुन्हा खाली केली.

"इतकी वर?"

"आभाळ दिसावं म्हणून."

"आभाळाशी काय बोलू मी?"

तिनं त्याच्या हातातला खडू घेतला आणि स्वतःच्या खांद्यापाशी दुसरी चौकट काढली. जरा वाकडी आली. मग त्या रेघांमधून बाहेर बघावं तशी भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, इथून नळ दिसेल. पाणी भरायला आलेल्या बायका दिसतील. गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते कळेल.

"आणि तुम्ही दिसाल. दुकानातून येताना. म्हणजे चेहऱ्यावरूनच कळेल, गिऱ्हाईक होतं की तपासणी चालली होती."

गादीवाल्यानं त्या वाकड्या चौकटीकडे पाहिलं. उशीतले पैसे बिलात गेले नसते, तर गवंड्यानं वरची फोडली असती. ही दोन दिवसांनी परत आली असती, मान वर करून छान झालीय म्हणाली असती, आणि पुढे रोज भिंतीकडेच बघत राहिली असती. हे सगळं त्याला क्षणात दिसलं, आणि त्यानं बाहेरची गादी आत ओढून आणली.

बायकोनं गादीची दोरी सोडली, ती पसरली आणि त्याला बसवून त्याच्या शेजारी बसली. म्हणाली, आता त्या बाईंना जे जे सांगितलंत ते पहिल्यापासून सांगा, एवढे पैसे मोजलेत ते वाया कशाला घालवायचे. तो सांगू लागला. पलंगापाशी आला तेव्हा तिनं पलंग दुसऱ्या भिंतीला लावला. दाराचं सांगितलं तर म्हणाली, ते दार फुगत नाही, बिजागरी सैल आहे. प्रत्येक गोष्टीत तिनं काहीतरी खोट काढली. वकीलबाईंनी एकदाही काढली नव्हती. बोलता बोलता अंधार पडला, दिवा अजून जोडलेला नव्हता, आणि भिंतीवर फक्त दोन पांढुरक्या खिडक्या उरल्या.

गवंडी आला तो दोन पावसाळे गेल्यावर. त्यानं खालची चौकट फोडली, सरळ करून. जाताना वरच्या रेघा पुसू का म्हणून विचारलं. बायको म्हणाली, राहू द्या. आता ती चुलीपाशी उभी राहते, गल्लीतल्या लोकांशी बोलते, आणि मधेच कधीतरी, हात ढवळत असताना, मान वर करून तिथेही एकदा बघते.